एक गुण कमी

मुलखांना गुण देणं हे वहिनीचं पोटापाण्याचं काम होतं. शाळेत पोरांना देतात तसेच गुण, फक्त पोरांच्या जागी प्रांत. देशातला एखादा प्रांत आपल्यापुरतं किती ठरवू शकतो? शाळा कुठे काढायची, पाणी कुणाला किती सोडायचं, आपला कारभारी कोण, हे त्याच्या हातात आहे, की प्रत्येक गोष्टीला राजधानीच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं? हे सगळं कायद्याच्या पुस्तकांतून वाचायचं, एकेका मुद्द्याला शून्य ते तीन गुण द्यायचे आणि खाली बेरीज मांडायची. वहिनीने आजवर ज्या मुलखांना गुण दिले, त्यांतल्या बहुतेकांची धूळ तिच्या चपलेला कधी लागली नव्हती. तिचा नवरा याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचा. तो स्वतः दातांच्या कवळ्या बनवायचा आणि आपलं काम निदान कुणाच्या तरी तोंडात जातं, याचा त्याला अभिमान होता.

संस्थेचा नियम असा, की प्रत्येक मुलखाचे गुण दोघांनी द्यायचे, एकमेकांना न विचारता. दोघांचे जुळले तर गुण पक्के. या दुसऱ्या माणसाला संस्थेत 'जोडीदार' म्हणत. वहिनीचे जोडीदार म्हणजे समोरच्या टेबलावरचे एक उंच, सदा गळ्याला मफलर गुंडाळलेले गृहस्थ. घरी त्यावरून व्हायची ती थट्टा व्हायचीच. "तुझ्या जोडीदाराचा खोकला काय म्हणतो?" असं नवरा रोज संध्याकाळी विचारायचा, आणि न चुकता स्वतःच हसायचा.

गुणांचा पंधरवडा आला की सुतार येऊन त्या दोन टेबलांच्या मध्ये प्लायवुडची पडदी ठोकून जायचा. पडदी उभी आहे तोवर मुलखांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. जेवायला मात्र दोघं एकत्र बसायची, कारण जेवणाबद्दल नियम करायचं कुणाला सुचलं नव्हतं. मग डबे उघडून घरच्या गोष्टी चालायच्या. जोडीदारांच्या मुलीचं लग्न, वहिनीच्या गच्चीला गेलेली चीर, कुणाचं पोट, कुणाचा गुडघा.

इतक्या वर्षांत या जोडीचे गुण एकदाही वेगळे निघाले नव्हते. संचालकांना त्याचा कोण अभिमान! बाहेरचे पाहुणे आले की ते आधी या दोन टेबलांचं दर्शन घडवायचे. खरं सांगायचं तर त्यात आता कौतुकासारखं काही उरलं नव्हतं. जोडीदार कुठल्या कलमाला अडणार आणि कुठे सैल सोडणार, हे वहिनीला तोंडपाठ झालं होतं, आणि तिचं त्यांना. वाचता वाचता ती मनाशी विचारायची, 'ते किती देतील?' आणि तेवढे लिहून मोकळी व्हायची. ही काही चोरी नव्हे. लग्न जुनं झालं की बायको नवऱ्याला भाजी कुठली करू म्हणून विचारत नाही, तसंच हे. पण भाजीने कुणाचं नशीब ठरत नाही, आणि त्या वर्षी गुणांनी ठरणार होतं.

झालं असं, की स्वतःचं सरकार मागणाऱ्या मुलखांचं गाऱ्हाणं ऐकायला सरकारने एक आयोग नेमला. मागणारे झाले पुष्कळ आणि आयोगाला वेळ थोडा. मग कुणा शहाण्याने चाळणी सुचवली, की संस्थेने ज्या मुलखाला बारा किंवा जास्त गुण दिलेत, त्याला पुरेसं स्वातंत्र्य आहे असं समजावं आणि त्याला दारातूनच नमस्कार करावा. बाराच्या खाली असेल त्याचं ऐकून घ्यावं. गेल्या वर्षी डोंगरपट्ट्याला बरोबर बारा गुण होते. त्यातल्या कशातच फरक पडला नव्हता, एक सोडून. हिवाळ्यात राजधानीने डोंगरपट्ट्याच्या परिषदेबद्दल एक नवा नियम केला होता, आणि त्याचे गुण या पंधरवड्यात ठरायचे होते. गेल्या वर्षी त्या मुद्द्याला दोन होते.

आणि डोंगरपट्ट्यात वहिनीची नणंद राहायची.

नुसती राहायची नाही, तर परिषदेवर निवडून आलेली होती. पडदी ठोकली त्याच दिवशी संध्याकाळी ताई एक पिशवी आणि एक छत्री घेऊन दारात उभ्या राहिल्या. आयोग शहरात बसणार, म्हणून परिषदेने त्यांना पुढे पाठवलं होतं. बोलावणं आलं तर बाजू मांडायची, नाही आलं तर परत जायचं.

"भाऊ राजधानीत असताना लॉजचं भाडं कशाला भरू?" ताई पायातले बूट काढत म्हणाल्या. "आणि वहिनी, एक आधीच सांगते. तू कुठे काम करतेस ते मला ठाऊक आहे. तू काय देणार, किती देणार, हे मी विचारणार नाही. विचारलं तर माझी जीभ झडो."

"ताई, मी कुठे काय म्हटलं?"

"म्हटलं नाहीस. पण तुझ्या तोंडाचा रंग उडालाय."

तो खरंच उडाला होता. मुलखात नात्यातलं कुणी असेल तर ते संस्थेला कळवायचं, असा नियम होता आणि वहिनीने रात्रीचा स्वयंपाक व्हायच्या आधी तो काढून वाचला. आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलं. नणंद नव्हती. नियम करणाऱ्याला बहुधा नणंद नसावी, नाहीतर त्याने ती सगळ्यांत वर घातली असती.

जेवणं झाल्यावर ताईंनी आपलं भाषण वाचून दाखवलं. आयोगापुढे करायचं भाषण. त्यात शतकांची अस्मिता होती, मातीचा हुंकार होता, इतिहास साक्षीला होता आणि डोंगर तर पानापानांवर ताठ मानेने उभे होते. वाचताना ताईंचा आवाज चढला, डोळे पाणावले. नवरा भिंतीला टेकून झोपी गेला.

"कसं वाटलं?" ताईंनी विचारलं.

"छान आहे, ताई," वहिनी म्हणाली. नणंदेच्या भाषणाला याहून वेगळं उत्तर कुठल्या भावजयीने दिलंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मटार सोलताना मात्र ताई वेगळंच बोलल्या, आणि तेही अगदी साध्या आवाजात. त्यांच्या गावचा दवाखाना दुपारी बारालाच बंद होतो. माणसं तर दिवेलागणीपर्यंत मळ्यांत कामाला. म्हणून परिषदेने ठराव केला की दवाखाना रात्रीपर्यंत उघडा ठेवायचा. एकमताने ठराव झाला, डॉक्टरही कबूल. नव्या नियमाप्रमाणे कागद केंद्राच्या अधिकाऱ्याकडे गेला. त्याने तो बघून परत पाठवला की ठराव लागू व्हायचा.

"मग?"

"मग काय? बघतोय अजून." ताईंनी शेंग मोडली. "तो नाही म्हणत नाही गं. नाही म्हणाला असता तर कोर्टात खेचला असता. आम्ही गेलो की खुर्ची देतो, चहा देतो, बायकापोरांची चौकशी करतो. म्हणतो, बघतोय. सगळ्या ठरावांचं असंच भिजत घोंगडं. आमचे हे झाडावरून पडले ना, तेव्हा भरदुपार होती. खांदा निखळलेला. दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. आत औषधं, बाहेर कुलूप. गाडी मिळून खाली शहरात नेईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. आता हात वर जात नाही. शर्ट मी घालून देते."

वहिनीचे हात थांबले. ताईंचे थांबले नाहीत.

"हे तुला गुणांसाठी नाही सांगत," ताई म्हणाल्या. "तू काल ह्यांची तब्येत विचारलीस, म्हणून सांगितलं."

ऑफिसात वहिनीने तो मुद्दा शेवटी ठेवला. आधी सोपे मुलूख उरकले, मग अवघड. मग टेबलाचा खण आवरला, जो गेल्या कित्येक वर्षांत आवरला नव्हता. शेवटी पळवाट उरली नाही तेव्हा डोंगरपट्ट्याचं पुस्तक उघडलं.

मोजपट्टी साधी होती. मुलूख स्वतः ठरवतो, कुणाला सांगतही नाही, तर तीन. ठरवतो, पण वर कळवावं लागतं, तर दोन. ठरवतो, पण वरून होकार आल्याशिवाय पान हलत नाही, तर एक. आणि नुसतंच सुचवतो, ठरवणारा दुसराच, तर शून्य. आता अधिकाऱ्याने 'पाहून परत पाठवल्यावर' ठराव लागू होतो, हे कशात बसवायचं? अधिकाऱ्याला ठराव फेटाळता येतो असं नियमात कुठेच नव्हतं. त्या हिशेबाने हे नुसतं कळवणं झालं, म्हणजे दोन. पण परत कधी पाठवायचं, याची मुदतही कुठे नव्हती. त्या हिशेबाने हा होकारच, फक्त तोंड न उघडता दिलेला, किंवा न दिलेला. म्हणजे एक.

वहिनीने पेन्सिलीने एक लिहिला.

लिहिला आणि पेन्सिल खाली ठेवली. हा एक आपल्या अकलेने लिहिला, की ताईंच्या मटारांनी? दवाखान्याची पायरी डोक्यात नसती तर आपण काय दिलं असतं? 'आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं' असं उद्या कुणी म्हटलं तर? आणि म्हणणारच. गुण बाराचे अकरा होणार, डोंगरपट्ट्याला आयोगाचं दार उघडणार, आणि गुण देणारीच्या घरी त्याच डोंगरपट्ट्याची बाई जेवत होती हे कधी ना कधी बाहेर येणार. इतकी वर्षं सांभाळलेलं नाव एका आकड्याने जाईल. वहिनीचं नाव म्हणजे काही फार मोठं नव्हतं, पण होतं ते एवढंच होतं.

मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला. जोडीदार किती देतील? ते तर छापील शब्दाला धरून चालणारे. फेटाळायचा अधिकार नाही म्हणजे नाही. ते दोनच देणार. आपण एक दिला तर जोडी फुटणार, मग चौकशी, मग नणंद. दोन दिले तर सगळं जिथल्या तिथे.

तिने एक खोडला आणि दोन लिहिले. शेवटी ताकसुद्धा फुंकून प्यावं, असं मनाला सांगितलं. पंक्तिप्रपंच नको म्हणून वाढणारी जशी आपल्याच माणसाच्या पानात कमी वाढते, तसं हे झालं होतं. पण त्या वेळी वहिनीला ते न्यायासारखं वाटलं, आणि बरंही वाटलं.

 जेवायच्या सुट्टीत जोडीदार मफलर सोडून पुन्हा गुंडाळत होते.

"पाहुण्या आहेत ना अजून?" त्यांनी विचारलं. ताई आल्याचं वहिनीने दुसऱ्याच दिवशी डबा उघडताना सांगितलं होतं. नणंद आली, डोंगरातून आली, आता आठवडाभर भाजी दुप्पट, असं. त्यात मुलखाबद्दल कुठे काय होतं?

"आहेत," वहिनी म्हणाली.

"त्यांच्या यजमानांचा हात कसा आहे?"

हेही सांगून झालं होतं तर. "आहे तसाच," असं म्हणून वहिनीने डब्याचं झाकण लावलं. 

पंधरवडा संपला त्या दिवशी सुताराने पडदी काढली आणि दोघांच्या गुणांचे कागद संचालकांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले गेले. दरवर्षी ही दोन मिनिटांची गोष्ट. संचालक बोट फिरवत खाली यायचे, म्हणायचे, "वा," आणि सह्या व्हायच्या. या वर्षी बोट अर्ध्यात थांबलं.

"हे काय?"

डोंगरपट्टा. वहिनीचे दोन. जोडीदारांचा एक.

 वहिनीने जोडीदारांकडे पाहिलं आणि जोडीदारांनी वहिनीकडे. अनोळखी माणूस चुकून आपल्या घरात शिरावा, असे दोघांचे चेहरे झाले होते.

"बसा," संचालक म्हणाले. "कारणं सांगा. बाई, तुम्ही आधी."

वहिनीने फेटाळण्याच्या अधिकाराचं सांगितलं. सांगताना तिला स्वतःचंच बोलणं पोकळ वाटत होतं, पण ते तिने शेवटपर्यंत नेलं. मग संचालकांनी मान वळवली.

जोडीदार बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "साहेब, मला दोनच वाटत होते. यांनी आत्ता सांगितलं तेच कारण. पण मी म्हटलं, यांच्या घरी तिकडची पाहुणी आहे, तिच्या नवऱ्याचं तसं झालंय, त्यामुळे यावेळी या एक देतील. म्हणून मी..."

"म्हणून तुम्ही एक दिलात. आणि बाई, तुम्हाला काय वाटत होतं?"

आता खोटं बोलून उपयोग नव्हता, आणि वहिनीत तेवढी ताकदही नव्हती. "एक," ती म्हणाली. "पण मला वाटलं, हे दोन देतील. आणि ती माझी नणंद आहे साहेब, म्हणून मी आणखीच घाबरले."

संचालक भले गृहस्थ होते, पण त्या क्षणी त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी आधी वहिनीकडे पाहिलं, मग जोडीदारांकडे. "म्हणजे तुम्ही यांना मोजत होता, आणि हे तुम्हाला मोजत होते," ते म्हणाले. "मग तो डोंगर मोजला कुणी?"



नात्यांची यादी मागवली गेली. नणंद यादीत नाही हे कळल्यावर संचालकांनी उसासा सोडला. पुढचा नियमही होता, फक्त वर्षानुवर्षं गरज न पडल्यामुळे कुणाच्या लक्षात नव्हता. जोडी फुटली तर तिसऱ्याने गुण द्यायचे आणि तिघांतला मधला आकडा धरायचा. तिसरं कोण? सगळ्यांनी एकाच दाराकडे पाहिलं.

शेवटच्या खोलीत बेटवाल्या बाई बसायच्या. त्या फक्त समुद्रातल्या बेटांचे गुण द्यायच्या. निवृत्तीला आल्या होत्या, कानाने कमी ऐकायच्या आणि बैठकांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. त्यांना पुस्तक दिलं, मोजपट्टी दिली. डोंगरपट्ट्याचं नाव ऐकून त्या म्हणाल्या, "तिथे समुद्र आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांचं उरलंसुरलं कुतूहलही गेलं. त्यांनी उभ्या उभ्याच नियम वाचला, पुन्हा वाचला, आकडा लिहिला आणि पुस्तक मिटलं.

शून्य.

"शून्य?" संचालकांनी मोठ्याने विचारलं.

"मुदत कुठंय?" बेटवाल्या बाई त्याहून मोठ्याने म्हणाल्या. "मुदतच नसेल तर कागद जन्मभर ठेवून घेता येतो. मग ठरवणारी परिषद कसली? ती विनंती करते. माझा चहा गार होतोय." आणि त्या गेल्या.

दोन, एक, शून्य. मधला आकडा एक. डोंगरपट्ट्याचे बाराचे अकरा झाले, सह्या झाल्या आणि कागद दुपारीच आयोगाकडे गेला. जोडीदार वहिनीला दाराशी म्हणाले, "चला, सुंठीवाचून खोकला गेला." मग स्वतःच खोकले. वहिनीला हसू आलं नाही.

ती घरी चालत गेली. झालं ते चांगलंच झालं होतं, हे तिला कळत होतं. ताईंचं गाऱ्हाणं ऐकलं जाणार होतं. पण ते ऐकलं जाणार होतं एका खोकणाऱ्या माणसाच्या चुकीच्या अंदाजामुळे आणि समुद्राशिवाय कशातच रस नसलेल्या एका बाईमुळे. त्यात वहिनीचं काय होतं? जोडीदारांनी तिला नीट ओळखलं असतं तर त्यांनीही दोन दिले असते, दोन नि दोन जुळले असते आणि ताई उद्या छत्री घेऊन परत निघाल्या असत्या. 

घरी दार उघडंच होतं. आयोगाचं बोलावणं तिच्या आधी पोहोचलं होतं. नवरा कामावरून लवकर आलेला, ताईंच्या हातात फोन, आणि फोनच्या पलीकडे सगळा डोंगरपट्टा एकदम बोलत असल्यासारखा कालवा. वहिनीला पाहताच ताईंनी फोन भावाच्या हातात कोंबला आणि तिला मिठी मारली. ताई मिठ्या मारणाऱ्यातल्या नव्हत्या.

"पास होऊन नाचतात ते पाहिलंय," नवरा म्हणाला. "गुण कमी पडले म्हणून नाचणारं घर आपलंच."

"तू गप रे." ताईंनी डोळे पुसले. "वहिनी, मी तुला विचारणार नव्हते आणि विचारलं नाही. पण आता सांगते. मला ठाऊक होतं. ह्यांना फोनवर म्हटलंसुद्धा, आपलं माणूस आहे तिथे, देव काळजी घेईल."

वहिनी काही न बोलता उभी राहिली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. ताईंना खरं कळायचं काही कारण नव्हतं. जोडीदार सांगणार नव्हते, आणि बेटवाल्या बाई आत्तापर्यंत विसरूनही गेल्या असतील. फुकटचं पुण्य ओंजळीत येऊन पडलं होतं, फक्त मुठी मिटायच्या होत्या. आणि सांगण्यात तर हात दाखवून अवलक्षण. पण ताईंच्या खांद्यावरून तिला खुर्चीवर ठेवलेला नवऱ्याचा शर्ट दिसला आणि तिला राहवेना.

"ताई, मी एक नाही दिला," ती म्हणाली. "मी दोन दिले."

ताईंनी मिठी सोडली. "म्हणजे?"

वहिनीने सांगितलं. सगळं सांगितलं, पेन्सिलीने लिहिलेला एक, तो खोडला ते, बेटवाल्या बाईंचं शून्य. नवऱ्याने फोन हळूच बंद केला.

ताई खाली बसल्या. बोलल्या तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "तुला एक वाटत होता."

"हो."

"मी तुझ्या घरी उतरले नसते, लॉजवर राहिले असते, तर?"

वहिनीला खोटं बोलायची दुसरी संधी मिळाली होती. तिने नीट विचार केला. "बहुतेक एक दिला असता."

"म्हणजे मला कधी न बघितलेल्या बाईने शून्य दिलं," ताई म्हणाल्या, "आणि माझ्या वहिनीने दोन."

"हो, ताई. मी भ्याले. चुकलं माझं."

 त्या रात्री जेवताना नवऱ्याने एकदा जोडीदाराच्या खोकल्याची चौकशी करून पाहिली, पण कुणी हसलं नाही, तोसुद्धा.

सकाळी वहिनी उठून आली तेव्हा ताई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या होत्या. बाहेर जायची साडी नेसून तयार. भाषणाचे कागद मांडीवर. आयोगापुढे जायला अजून वेळ होता. पिशवी भरून दाराशी ठेवलेली वहिनीला दिसली. तिने चहा टाकला.

"बस," ताई म्हणाल्या. "वाचते. ऐक."

त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. अस्मिता, हुंकार, इतिहास, ताठ मानेचे डोंगर. या वेळी आवाज चढला नाही. कागद खाली ठेवून त्यांनी वहिनीच्या डोळ्यांत पाहिलं.

"आता गुण दे. शून्य ते तीन. मी तुझी कुणी नाही असं समज."

"ते नाही जमायचं, ताई."

"बरं, मग नणंद समजूनच दे. पण खरे दे."

चहा उतू जात होता. वहिनीने उठून गॅस बंद केला, पुन्हा येऊन बसली. 

"एक," ती म्हणाली.

ताईंच्या भुवया वर गेल्या. क्षणभर वाटलं, आता पिशवी उचलतात. "एक? पहिल्या दिवशी छान म्हणाली होतीस की."

"पहिल्या दिवशी मी घाबरले होते."

"कुठे गेले माझे दोन गुण?"

"यात दवाखान्याची पायरी नाही," वहिनी म्हणाली. "चहा देणारा अधिकारी नाही. शर्ट तुम्ही घालून देता, ते नाही. डोंगर सगळेच सांगतील, ताई. मला मटार सोलताना सांगितलंत, ते यात कुठेच नाही."

 ताईंनी कागद उचलून उलटे केले. पाठची बाजू कोरी होती.

"पेन्सिल आहे का घरात?" त्यांनी विचारलं. "आणि वहिनी, खोडरबर नको आणूस."